रंगाच्या डब्यांमागचं पोतं

व्हीलचेअरच्या त्या कारखान्यात स्टोअर सांभाळणाऱ्या काकूंना तोंडावर सगळे नुसतं काकू म्हणत आणि पाठीमागे 'असू दे काकू'. पाठीमागचं नाव काकूंच्या कानावर आलेलं होतं. त्यांना राग नव्हता, कारण त्यात खोटं काही नव्हतं. वाकडा बोल्ट कुणी टाकायला निघाला की काकूंचा हात पुढे व्हायचा, "असू दे, लागेल." सुतळीचा तुकडा, फुटका डबा, एका बाजूने उसवलेली गादी, सगळ्याला तेच उत्तर. लागायचं मात्र क्वचितच, आणि लागायचं तेव्हा ते सापडायचं नाही.

घरीही तोच प्रकार. माळ्यावर साबणाच्या वड्यांची चळत, पलंगाखाली काडेपेट्या, कपाटात न उघडलेल्या चादरी. काका निवृत्त होऊन घरी बसले होते आणि त्यांना बायकोची थट्टा करण्यावाचून दुसरं काम नव्हतं. ते म्हणायचे, "आपण दोघं शंभर वर्षं जगलो ना, तरी स्वच्छच मरू." काकू हसायच्या आणि येताना आणखी दोन वड्या घेऊन यायच्या.

याला कारण होतं. काकू कामावर नव्या होत्या तेव्हा एकदा चाक अडकवायची छोटी पिन संपली. नखाएवढी पिन! पण तिच्यावाचून खुर्ची पुढे सरकेना. सांगाडे तयार, गाद्या तयार, गाडी दारात उभी, आणि सगळी माणसं उलट्या खोक्यांवर पाय हलवत बसलेली. मालक स्टोअरच्या खिडकीशी आले. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते काहीच बोलले नाहीत, रिकाम्या डब्याकडे बघत राहिले आणि निघून गेले. ती नजर काकूंच्या मनातून कधी गेलीच नाही. 

तेव्हापासून काकू हातचं राखायला शिकल्या. माल आला की थोडा रॅकवर जायचा आणि थोडा मागच्या कोपऱ्यात, रंगाच्या मोठ्या डब्यांच्या आड. कम्प्युटरवर या कोपऱ्याचा पत्ता नव्हता. आता हे वाचून कुणी नाक मुरडू नये. काकूंनी उभ्या जन्मात कारखान्यातला एक स्क्रू घरी नेला नाही. लपवला तो कारखान्यातच, कारखान्यासाठीच. आणि लपवणाऱ्या त्या एकट्या नव्हत्या. खुर्च्या जोडणाऱ्या विभागाच्या मिस्त्रींचं एक खोकं बाकाखाली होतं. विक्रीवाला दुकानांकडून आलेल्या मागणीत आपल्या मनचे चार घालून मगच आकडा सांगायचा. सगळ्यांना सगळ्यांचं माहीत होतं आणि कुणी कुणाचं नाव काढत नव्हतं.

खुर्चीच्या पुढच्या छोट्या चाकांवर चढवायचे रबरी टायर काकूंच्या भावाकडून यायचे. हा त्यांचा सगळ्यात लहान भाऊ, म्हणून घरात त्याला धाकटाच म्हणत. गावाच्या दुसऱ्या टोकाला त्याची एका खोलीची शेड होती, त्यात एक प्रेस. रबराचा तुकडा साच्यात ठेवायचा, प्रेस खाली आणायची, तापवायचं, काढायचं. मालकांजवळ त्याचा शब्द काकूंनीच टाकला होता, त्यामुळे त्यांच्या जिवाला दुहेरी घोर. टायर संपले तर कारखान्यात तोंड काळं आणि टायर वाईट निघाले तर माहेरी.

गेल्या वर्षी एकदा रॅकवरचे टायर कमी दिसायला लागले. विक्रीवाला घाई करत होता, मिस्त्री ओरडत होते, काकूंची पाचावर धारण बसली. त्यांनी धाकट्याला फोन केला, "अर्जंट आहे रे. जमेल तेवढे दे, बाबा." त्या धांदलीत त्याचा डावा हात तापलेल्या साच्याला चिकटला. तळव्यापासून मनगटापर्यंत कातडं सोलून निघालं. काकू रोज संध्याकाळी जाऊन मलम लावायच्या आणि रडायच्या. तोच त्यांना समजवायचा, "रडू नकोस गं ताई. तुझ्या कारखान्याची लाईन थांबता कामा नये." एका हाताने त्याने ती ऑर्डर पुरी करून पाठवली. जखम भरली, पण तिथलं कातडं लालसर आणि चकचकीत राहिलं आणि मूठ नीट वळेना.

मंगळवारी दुपारी धाकट्याचा फोन आला.

"ताई, प्रेस विकतोय. शनिवारी माणूस बघायला येणार आहे."

"अरे, असं अचानक?"

"अचानक कुठलं? तुमच्या कंपनीचं मला काही कळतच नाही. मागता तेव्हा जीव खाऊन मागता. मी कच्चं रबर आणून ठेवतो, दोन पोरं कामाला लावतो, आणि मग तुमचा फोनच बंद. त्या पोरांना काय सांगू? आता मी गाडी चालवायला जाईन कुणाची तरी. पगार ठरलेला असतो तिथे."

"थांब, मी उद्याच मोठी ऑर्डर काढते."

"काढशील गं तू. आणि मग?" असं म्हणून त्याने फोन ठेवला.

त्या दिवसापासून काकूंचं कशात लक्ष लागेना. शेड गेली की धाकट्याच्या हातात काय राहणार? गाडी चालवणार म्हणे, त्या वाकड्या मुठीने! आणि टायर तरी दुसरा कोण करून देणार? रॅकवरचा टायरचा डबा त्या तासातासाला उघडून बघायला लागल्या. बघून डबा काही भरत नव्हता.

याच आठवड्यात कारखान्यात एक मुलगी नवी लागली होती. मालाचं नियोजन करायचं शिकून आलेली. ती प्रत्येकाला विचारायची, "किती?" रोज किती लागतात, मागवल्यापासून यायला किती दिवस जातात, पडून किती आहेत. दोन दिवसांत तिचं नाव 'किती मॅडम' पडलं. काकूंना तिने विचारलं तेव्हा काकूंनी रॅकवरचे आकडे सांगितले. कोपऱ्याचा विषय काढला नाही.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत तिने चौघांना ओळीने उभं केलं. पहिला मालकांचा ड्रायव्हर, तो गिऱ्हाईक. मग विक्रीवाला, मग मिस्त्री, मग काकू. काकूंच्या पुढे तिने एक रिकामी खुर्ची ठेवली आणि खुर्चीजवळ नटांनी भरलेली बादली; प्रत्येकाच्या हातात थोडे थोडे नट दिले.

"खेळ सोपा आहे," ती म्हणाली. "ड्रायव्हरदादा नट मागतील. प्रत्येकाने पुढच्याच्या कानात आपली मागणी सांगायची. शेवटी काकू त्या खुर्चीकडे मागतील आणि तेवढे बादलीतून घेतील. फक्त एक अट. मागचा मागेल तेव्हा तुमच्याकडे नाही असं व्हायला नको."

"म्हणजे रोजचंच काम," मिस्त्री म्हणाले, आणि सगळे हसले.

दोन-तीन फेऱ्या ड्रायव्हरने चार-चारच मागितले. सगळं सुरळीत. मग मुलीने त्याच्या कानात काहीतरी सांगितलं आणि त्याने एकदम सहा मागितले. विक्रीवाल्याने मिस्त्रींच्या कानात सांगितलं, आठ. मिस्त्री काकूंकडे वळले, "बारा द्या, काकू." काकूंनी आपल्या हातातले नट बघितले. ती संपलेली पिन आठवली. तोंडातून आपोआप निघालं, "वीस."

पुढच्या फेरीला ड्रायव्हर पुन्हा चारवर आला. विक्रीवाल्याकडे आधीचेच उरले होते, त्याने दोन मागितले. मिस्त्रींच्या दोन्ही मुठी भरलेल्या, ते म्हणाले, "मला नकोत." काकूंच्या पदरात ढीग. त्यांनी काही मागितलंच नाही. त्याच्या पुढच्या फेरीलाही नाही.

"बघा," मुलगी म्हणाली, "गिऱ्हाइकाने दोनच जास्त मागितले होते, तेही एकदा. कुणीही वाईट वागलं नाही. प्रत्येकाने थोडं थोडं हातचं ठेवलं, एवढंच. पण या खुर्चीवर बसलेल्याला काय दिसलं? आधी पूर. मग दुष्काळ. त्याला ड्रायव्हरदादांचे चार दिसतच नाहीत. त्याला फक्त काकू दिसतात."

मग तिने सहज विचारलं, "आपल्याकडे या खुर्चीवर कोण बसतं?"

सगळ्यांनी काकूंकडे बघितलं. काकूंनी पदरातले नट बादलीत ओतले, पाणी प्यायचं निमित्त केलं आणि बाहेर गेल्या.

संध्याकाळी घरी त्यांनी काकांना सगळं सांगितलं.

"मग सांगून टाक ना त्या मुलीला," काका म्हणाले. "कोपरा आहे म्हणावं. डोक्यावरचं ओझं तरी उतरेल."

"अहो, सांगितलं की मोजतील. मोजलं की म्हणतील, टायर भरपूर आहेत. मग धाकट्याला ऑर्डर कोण देणार? शनिवारी प्रेस गेलीच म्हणून समजा."

"मग नको सांगूस."

"नाही सांगितलं तर उद्या मोठी ऑर्डर काढता येते. रॅकवरचा डबा तळाला गेलाय, कुणी हरकत घेणार नाही. तो प्रेस ठेवेल. पोरांना परत बोलावेल. आणि मग पुन्हा मी गप्प. आता तर मला माहीत आहे हो, मी गप्प राहणार ते!"



शुक्रवारी काकूंनी मोठी ऑर्डर तयार केली. रक्ताचं नातं आधी, बाकी पुढचं पुढे, असं त्यांनी मनाला समजावलं. कुठलीही बहीण हेच करेल. आता एवढा माल येणार म्हणजे ठेवायला जागा हवी, म्हणून दुपारी सगळे चहाला गेल्यावर त्यांनी कोपऱ्यातले रंगाचे डबे ओढून बाजूला केले.

मागे पोती एकावर एक रचलेली. सगळ्यात वरच्यातला एक टायर काढून त्यांनी वाकवला. रबर कडक झालं होतं. वाकताना त्यावर केसाएवढी चीर पडली. दुसरा काढला, तोही तसाच. नवा माल यायचा तो रॅकवर जायचा आणि रॅकवरून खर्च व्हायचा. कोपऱ्यातला वाईट दिवसांसाठी म्हणून तसाच राहायचा आणि रबर आपलं म्हातारं होत जायचं. वाईट दिवस आला असता तरी यातलं निम्मं उपयोगी पडलं नसतं.

एक पोतं भिंतीला टेकून वेगळं उभं होतं. ते बाहेर ओढताना काकूंची नजर त्याच्या तोंडावरच्या सुतळीवर गेली.

धाकट्याची गाठ काकूंना शंभर पोत्यांत ओळखू आली असती. वडिलांनी दोघांनाही शिकवलेली, दुहेरी, घट्ट, टोकं आत खोचलेली. ही गाठ तशी नव्हती. सुतळी वेडीवाकडी गुंडाळलेली होती, एक टोक लांब, एक तोकडं, आणि तोकडं टोक चावून चावून चपटं झालेलं. ज्या आठवड्यात त्याचा डावा हात बँडेजमध्ये होता, त्या आठवड्यातलं हे पोतं. एका हाताने आणि दातांनी बांधलेलं. गाठ जशी आली होती तशीच होती. कुणी सोडलीच नव्हती.

काकू तिथेच डब्यावर बसल्या. रडू येईल असं त्यांना वाटलं होतं, ते आलं नाही. मग त्यांनी तयार केलेली मोठी ऑर्डर पुसून टाकली, पोतं उचललं आणि ते छातीशी धरून त्या मुलीच्या टेबलापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"किती विचारत होतीस ना, बाळ? ये, मोजून घे."

तासाभरात जेवणाच्या खोलीत फरशीवर ढीग लागला. टायर, पिना, बोल्ट, हँडलच्या मुठी. मिस्त्री दारातून म्हणाले, "माझ्याकडे लपवलेलं काही नाही हं." कुणी त्यांना विचारलंही नव्हतं. थोड्या वेळाने ते आपलं खोकं फरशीवरून फरफटत घेऊन आले आणि ढिगात ओतून निघून गेले.

मालक आले. त्यांनी त्या ढिगाकडे बघितलं, आणि काकूंना पुन्हा तीच नजर दिसली. रिकाम्या डब्याकडे बघणारी. काकूंनी कमरेची स्टोअरची किल्ली सोडून पुढे केली.

"ठेवा तुमच्याकडेच," मालक म्हणाले. "पण तो कोपरा मला रिकामा दिसला पाहिजे." आणि ते मुलीकडे वळले. "टायर किती निघाले?"

"पुष्कळ. पण चालण्यासारखे थोडेच, बाकीचे टाकावे लागतील," ती म्हणाली. "मी म्हणते, खुर्च्या जातात तेवढेच टायर दर सोमवारी आणू. दोन दिवसांचे हातचे ठेवायचे, पण ते रॅकवर, सगळ्यांना दिसतील असे. आणि आधी आलेला आधी वापरायचा. ऑर्डर लहान होईल, पण दर आठवड्याला होईल."

लहान! काकूंचा जीव पुन्हा टांगणीला लागला. एवढ्याशा ऑर्डरसाठी धाकटा कशाला थांबेल?

शनिवारी सकाळी त्या पोतं घेऊन शेडवर गेल्या. प्रेस बघायला आलेला माणूस टेप लावून तिची रुंदी घेत होता. धाकटा बाजूला उभा होता. काकूंनी पोतं त्याच्या पायाशी ठेवलं.

"हे काय, ताई?"

"तुझंच आहे."

तो खाली वाकला आणि गाठ हातात घेऊन तसाच थांबला.

"ही मी दातांनी बांधली होती."

"हो."

"अर्जंट आहे म्हणाली होतीस."

"हो."

"उघडलंसुद्धा नाहीस?"

काकूंना खूप काही सांगायचं होतं. पिनचं, मालकांच्या नजरेचं, विक्रीवाल्याचं, मिस्त्रींचं. "नाही. रंगाच्या डब्यांमागे होतं," एवढंच त्या म्हणाल्या.

धाकट्याने डावा हात खिशात घातला. "हात ठणकायचा ना तेव्हा मी स्वतःला काय सांगायचो, माहीत आहे? म्हणायचो, जाऊ दे, कुणीतरी त्याच्यावर बसून फिरतंय. खोलीतून उठून बाहेर जातंय कुणीतरी." त्याने पोत्याकडे बघितलं. "आणि ते रंगाच्या डब्यांमागे होते!"

"चुकलं माझं," काकू म्हणाल्या. "तू काय वाटेल ते बोल मला."

काकू घाईघाईने सोमवारच्या ऑर्डरचं सांगत सुटल्या. लहान आहे, पण दर आठवड्याला. जास्त नाही, कमी नाही. अर्जंटचा फोन त्या कधी करणार नाहीत.

"तुझ्यावर विश्वास कसा ठेवू, ताई?"

धाकट्याने चाकूने सुतळी कापली, एक टायर काढला, वाकवला, नखाने दाबून बघितला. मग आणखी दोन. "अजून जीव आहे यांच्यात. पण फार दिवस नाही." त्याने पोत्याचं तोंड पुन्हा बांधलं, या वेळी दोन्ही हातांनी, वडिलांसारखी गाठ. डाव्या हाताला वेळ लागत होता. काकूंनी मदतीला हात पुढे केला, तो त्याने बाजूला सारला. "हे आधी लाव. नवं मागायच्या आधी हे."

"मग काय, उचलायची का?" टेपवाल्याने विचारलं.

"आठवडाभर थांबा. सांगतो," धाकटा म्हणाला. त्याने काकूंना चहा विचारला नाही.

सोमवारी कामावर गेल्यागेल्या काकूंनी ती गाठ सोडली आणि पोतं सगळंच्या सगळं मिस्त्रींच्या हवाली केलं. कोपरा रिकामा, रॅकवर मोजके डबे. दिवसभर त्यांचा पाय ठरेना. काही संपलं तर? कुणी खिडकीशी येऊन उभं राहिलं तर? बुधवारी त्या टायरांच्या खुर्च्या गाडीत चढल्या तेव्हा काकूंनी कधी केलं नव्हतं ते केलं. स्टोअरला कुलूप घालून ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसल्या.

परत आल्यावर त्यांनी धाकट्याला फोन लावला. त्याने उचलायला बराच वेळ लावला.

"तुझे टायर गेले," काकू म्हणाल्या. "एक खुर्ची थेट एका आजीबाईंच्या घरी दिली. मी होते तिथे."

काकू सांगतच राहिल्या.

"खोलीतून स्वतः बाहेर आल्या. दारापर्यंत. मग दाराबाहेर. सून मागून ढकलायला गेली तर तिच्यावर ओरडल्या."

"कुठपर्यंत गेल्या?" धाकट्याने विचारलं.

"रस्त्यापर्यंत. तिथे उभ्या... म्हणजे बसूनच, येणारी-जाणारी माणसं बघत होत्या. आम्ही निघालो तरी आत जायला तयार नव्हत्या."

काकूंनी फोन कानाला घट्ट धरून ठेवला.

"रॅकवर किती आहेत आता?" त्याने विचारलं.

काकूंनी खरा आकडा सांगितला. तो अगदीच थोडा होता.

"बरं," तो म्हणाला. "सोमवारचे बांधून ठेवतो."